नवा वैमानिक आणि ‘होम बेस’ची निवड

विमान कंपनीचे नेमणूकपत्र हाती पडले की घरातील चर्चा पगार, प्रशिक्षणाचा करार आणि विमानाचा प्रकार यांभोवती फिरू लागते. त्याच पत्रातील ‘होम बेस’ ही ओळ बहुधा दुर्लक्षित राहते, किंवा ‘मुंबई मिळाली तर बरे, गोवा जवळ’ एवढ्यावर तिचा निकाल लागतो. वास्तविक नव्या सहवैमानिकाची पहिली दोन-तीन वर्षे कशी जातील, हे ठरवणारी ती ओळ आहे. आणि ‘गोवा जवळ’ हा जो निकष आपल्याकडे सर्वांत आधी लावला जातो, तोच सर्वांत फसवा आहे.

होम बेस म्हणजे कंपनीने वैमानिकासाठी नेमून दिलेले ते ठिकाण, जिथून त्याची ड्यूटी सामान्यतः सुरू होते आणि जिथे ती संपते. आंतरराष्ट्रीय व्यवहारात रूढ असलेल्या व्याख्येत आणखी एक अट असते : सर्वसाधारण परिस्थितीत या ठिकाणी वैमानिकाच्या निवासाची जबाबदारी कंपनीवर नसते. व्याख्येच्या या शेपटातच सगळे मर्म आहे. वैमानिकाला जयपूरला किंवा कोलकात्याला मुक्काम करावा लागला तर हॉटेल, गाडी, भत्ता हे सारे कंपनी पाहते. होम बेसवर मात्र त्याने कुठे राहावे, विमानतळावर कसे पोहोचावे आणि झोपावे केव्हा, हे सर्वस्वी त्याचे त्याने पाहायचे असते. कायद्याच्या दृष्टीने त्याचे घर तिथेच असते, मग आईवडील मडगावला असोत वा डिचोलीला.

विमाने येतात म्हणजे तळ असतो असे नाही

गोव्यात दोन विमानतळ आहेत, दिवसाकाठी विमानांची सतत ये-जा असते. मग गोवा हाच तळ का मागू नये, असा प्रश्न पालक हमखास विचारतात. येथे तीन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. कंपनीचे विमान एखाद्या गावी येते-जाते, तेव्हा ते तिचे केवळ सेवास्थानक असते. विमान रात्री तिथे उभे राहून पहाटे निघते, तेव्हा तो रात्रीचा मुक्काम असतो; ते विमान नेणारा चमू बहुतेक वेळा परगावचा असून हॉटेलात उतरलेला असतो. तळ त्याहून निराळा. तिथे वैमानिकांची ठरावीक संख्या कायम नेमलेली असते, त्यांचे वेळापत्रक, म्हणजे रोस्टर, तिथून सुरू होऊन तिथेच मिटते आणि आयत्या वेळी कोणी आजारी पडल्यास बदली देण्याची सोयही तिथेच असते. एवढा व्याप मांडण्याइतकी उड्डाणे एकाच प्रकारच्या विमानांची असतील, तरच कंपनीला तळ परवडतो. म्हणून मोठ्या कंपन्यांचे तळ दिल्ली, मुंबई, बंगळूर, हैदराबाद अशा महानगरांत एकवटलेले दिसतात.

दाबोळीची आणखी एक अडचण आहे. तो नौदलाचा तळ. नागरी वाहतूक तेथील एका भागातून चालते आणि कामाच्या दिवशी सकाळचे काही तास लष्करी सरावासाठी राखून ठेवलेले असतात. जानेवारी २०२३ मध्ये मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून वाहतूक सुरू झाली आणि हे बंधन नसलेला विमानतळ राज्याला मिळाला. मार्च २०२४ मध्ये ‘फ्लाय९१’ या प्रादेशिक कंपनीने गोव्यात मुख्यालय ठेवून एटीआर ७२-६०० या पंख्याच्या विमानांची सेवा सुरू केली. गोव्यात राहून विमान चालवायचे असेल, तर तो मार्ग त्यामुळे आता कल्पनेतला राहिलेला नाही. परंतु ‘गोव्यात राहून’ याचाही अर्थ नीट लावावा लागतो. मोपा पेडणे तालुक्यात, राज्याच्या उत्तर टोकाला. पणजीहून ते साधारण ३५ किलोमीटर, मडगावहून त्याच्या जवळजवळ दुप्पट. पहाटे पाचला हजर व्हायचे असेल तर सासष्टीतील घरातून निघण्याची वेळ कोणती, हा हिशेब काणकोणच्या उमेदवाराने अधिकच काळजीपूर्वक करावा.

कायदा कोणते तास मोजतो

वैमानिकांच्या कामाचे आणि विश्रांतीचे तास नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजेच डीजीसीए, ठरवून देते. वर्षाला प्रत्यक्ष उड्डाणाचे १००० तास ही कमाल मर्यादा सर्वपरिचित आहे, पण तळ निवडताना तिचा फारसा उपयोग नाही. उपयोग आहे तो विश्रांतीच्या नियमांचा. दोन ड्यूटींमधील विश्रांती किमान १२ तासांची किंवा आधीच्या ड्यूटीइतकी, यांपैकी जी अधिक असेल तेवढी हवी. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या सुधारित नियमांनी साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून सलग ४८ तासांवर नेली आणि तिच्यात दोन रात्री असल्या पाहिजेत, असे घातले. ‘रात्र’ पहाटे पाचऐवजी सहापर्यंत मोजली जाऊ लागली, आणि रात्रीच्या ड्यूटीत पूर्वी सहा वेळा विमान उतरवता येत असे, ती संख्या दोनवर आली. कंपन्यांचा विरोध, मुदतवाढ आणि दिल्ली उच्च न्यायालयातील प्रकरण या वळणांनंतर हे नियम जुलै व नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्यापाठोपाठ डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि विमानतळांवर जो गोंधळ उडाला, तो वाचकांच्या स्मरणात असेलच. त्या कंपनीला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत तात्पुरती सूट द्यावी लागली.

या सगळ्या मोजणीत एक गोष्ट कुठेच येत नाही : घरापासून तळापर्यंतचा प्रवास. कंपनीने कामानिमित्त वैमानिकाला प्रवासी म्हणून दुसऱ्या शहरी नेले, तर तो वेळ ड्यूटीत धरला जातो. पण वैमानिक स्वतःच्या सोयीने गोव्याहून मुंबईला कामावर आला, तर ती त्याची खासगी बाब. ते तास त्याच्या विश्रांतीतूनच कापले जातात. उलट, मिळालेल्या विश्रांतीचा योग्य उपयोग करून ताजेतवाने होऊन येण्याची जबाबदारी नियमांनी त्याच्यावरच टाकली आहे.

एक साधे उदाहरण घ्यावे. मुंबई तळाच्या सहवैमानिकाची ड्यूटी रात्री दहाला संपली आणि पुढची हजेरी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची आहे. कागदावर १२ तास पूर्ण. अंधेरीत किंवा मरोळला राहणारा अकराच्या सुमारास घरी पोहोचतो, सकाळी नऊपर्यंत निघतो. जेवण-आंघोळ धरूनही सात-आठ तासांची झोप त्याला मिळू शकते. कल्याणला राहणाऱ्याचे दोन्ही बाजूंचे मिळून तीन-साडेतीन तास रस्त्यात जातात आणि झोप पाच-सहा तासांवर येते. गोव्यात राहणाऱ्याचा तर या विश्रांतीत विचारच नको. त्याला मुंबईत दुसरे बिऱ्हाड हवेच.

आता साप्ताहिक सुट्टी पाहू. शुक्रवारी रात्री आठला सुटका, रविवारी रात्री आठला हजेरी. शेवटच्या विमानात जागा मिळाली तर मध्यरात्रीच्या सुमारास तो घरी पोहोचेल. परतीचे विमान चुकले किंवा भरले तर पुढचे मिळावे, म्हणून रविवारी दुपारच्या आतच त्याला निघावे लागेल. ४८ तासांपैकी घरी घालवलेले तास जेमतेम ३६, आणि त्यातील शेवटचे काही ‘जागा मिळेल का’ या विवंचनेत. कर्मचाऱ्यांची सवलतीची तिकिटे बहुतांशी जागा उरल्यास या अटीवर असतात. चतुर्थीच्या आठवड्यात आणि नाताळ ते नववर्ष या काळात गोव्याच्या विमानांत जागा उरत नाही, हे गोवेकराला सांगण्याची गरज नाही. नेमकी त्याच दिवसांत घरी जाण्याची ओढ सर्वाधिक असते.

नव्या माणसाच्या वाट्याला याहून बिकट प्रकार येतो तो स्टँडबायचा. रोस्टरमधील काही दिवस त्याचे नाव कोणत्याच उड्डाणावर नसते, पण फोन आला की ठरलेल्या वेळेत विमानतळावर हजर व्हायचे असते. अनुभवी मंडळींना आपल्या पसंतीची उड्डाणे मिळण्याची शक्यता अधिक; कनिष्ठांच्या वाट्याला राखीव दिवस अधिक. शेकडो किलोमीटर दूरच्या घरी बसून स्टँडबाय करता येत नाही. म्हणजे ज्या काळात घराची आठवण सर्वांत जास्त येते, त्याच काळात तळाजवळ राहणे सर्वांत निकडीचे असते.

अमेरिकेचा अनुभव

तळ एका शहरात आणि घर दुसऱ्या शहरात, ही रीत अमेरिकेत इतकी रुळली आहे की तिच्याभोवती एक स्वतंत्र दुनियाच उभी आहे. तिथे सारे काही ज्येष्ठता क्रमांकावर चालते. कोणत्या तारखेला कंपनीत रुजू झाला, यावर तळ, विमानाचा प्रकार, सुट्ट्या, सारे ठरते. नवख्याला मिळतो तो इतरांनी नाकारलेला तळ, आणि अनेक कंपन्यांत तो न्यूयॉर्क असतो, कारण तिथले घरभाडे कनिष्ठ वैमानिकाला पेलवत नाही. मग विमानतळाजवळच्या एखाद्या सदनिकेत आठ-दहा जण मिळून खाटा भाड्याने घेतात. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील क्यू गार्डन्स या वस्तीला विमान कर्मचाऱ्यांच्या गर्दीमुळे ‘क्रू गार्डन्स’ असे गमतीचे नावच पडले आहे.

या गमतीची दुसरी बाजू १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री जगापुढे आली. न्यूअर्कहून बफेलोला जाणारे कोल्गन एअरचे विमान उतरण्यापूर्वी कोसळले; विमानातील ४९ आणि जमिनीवरील एक, अशा ५० जणांचा मृत्यू झाला. चौकशीत निष्पन्न झाले की दोन्ही वैमानिकांचा तळ न्यूअर्क होता, पण राहत तिथे कोणीच नव्हते. कॅप्टनचे घर फ्लोरिडात. सहवैमानिक सिअॅटलहून निघून, मेम्फिस येथे विमान बदलत, रात्रभर प्रवास करून त्या सकाळी न्यूअर्कला पोहोचली होती. विमानाचा वेग घटल्याची सूचना मिळाल्यावर कॅप्टनने केलेली चुकीची हालचाल, हे अपघाताचे मुख्य कारण ठरले. थकव्यामुळे दोघांच्या कामावर परिणाम झाला असावा, मात्र तो किती हे निश्चित सांगता येत नाही, असे चौकशी मंडळाने नोंदवले. हा सावध निष्कर्ष जसाच्या तसा लक्षात ठेवला पाहिजे. केवळ घर दूर असल्याने विमान पडले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु सहवैमानिकेच्या तुटपुंज्या पगारात न्यूअर्कमध्ये घर घेणे शक्य होते का, हा प्रश्न त्यानंतर अमेरिकेत जाहीरपणे विचारला गेला. जानेवारी २०१४ पासून तिथे विश्रांतीचे नवे नियम आले. तळापर्यंतच्या प्रवासाला मात्र त्यांनीही तासांची मर्यादा घातली नाही. युरोपातील मार्गदर्शक सूचना एक पाऊल पुढे जातात : घरापासून तळापर्यंतचा प्रवास नेहमी ९० मिनिटांहून अधिक होत असेल, तर वैमानिकाने तळाजवळ तात्पुरत्या निवासाची व्यवस्था करण्याचा विचार करावा.

हा ९० मिनिटांचा मापदंड आपल्याकडील उमेदवारांनी स्वतःहून स्वीकारावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. नकाशावरील अंतर बाजूला ठेवून पहाटे तीनला आणि संध्याकाळी सातला लागणारा वेळ पाहावा. दोहोंतील अधिक वेळ खरा मानावा.

शहरागणिक फरक

मुंबईच्या बाबतीत आता एक नवाच प्रश्न उद्भवला आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळ सुरू झाला. त्यामुळे ‘मुंबई तळ’ म्हणजे सहार-सांताक्रूझ, की उलवे, की दोन्ही, हे पत्रात स्पष्ट आहे का ते पाहावे. युरोपीय नियमांनुसार होम बेस हा एकच विमानतळ असावा लागतो आणि तो वरचेवर बदलता येत नाही. आपल्याकडे हा मुद्दा नेमणुकीपूर्वीच विचारून घेतलेला बरा. अंधेरीत घर घेतलेल्याला महिन्यातील निम्मे दिवस उलव्याला हजेरी लावावी लागली तर त्याचा सगळा हिशेब कोलमडतो. पनवेलच्या बाजूला राहणाऱ्याची अवस्था नेमकी उलट. कोकणात घर असलेल्यांना मुंबईचा एक फायदा मात्र मान्य केला पाहिजे : सलग तीन-चार दिवसांची रजा असेल तर कोकण रेल्वे आहे, आणि विमानात जागा नाही म्हणून अडकून पडावे लागत नाही. रात्रीच्या कोकणकन्येने येऊन सकाळी लगेच ड्यूटीवर जाण्याचा विचार मात्र कोणी करू नये.

बंगळूरचा विमानतळ देवनहळ्ळीला, शहराच्या उत्तरेस दूर. हेब्बाळ, येलहंका या बाजूला घर मिळाले तर जगणे सुसह्य. नातेवाईक व्हाइटफिल्डला किंवा इलेक्ट्रॉनिक सिटीत आहेत म्हणून त्यांच्याकडे राहण्याची कल्पना पहिल्या महिन्यातच महागात पडते. हैदराबादचा शमशाबाद विमानतळ दक्षिणेला आहे. तिथे बाह्य वर्तुळ मार्गामुळे ये-जा तुलनेने सुकर होते आणि घरभाडेही मुंबईच्या मानाने आवाक्यात असते. काचीगुड्याच्या जुन्या मराठी वस्तीत राहण्याचा मोह होईल, तो शहरातील गर्दीचा विचार करून आवरावा. जेवायला आठवड्यातून एकदा जाता येतेच. दिल्लीत द्वारका आणि गुरुग्राम विमानतळाला जवळ. मात्र डिसेंबर-जानेवारीतील धुक्याने तिथली रोस्टर हमखास विस्कटतात आणि ठरलेल्या वेळी घरी परतणे अनिश्चित होते. दिल्लीची एक जमेची बाजू अशी की सिम्युलेटर केंद्रे गुरुग्राम, ग्रेटर नोएडा या परिसरात आहेत. दर सहा महिन्यांनी द्यावी लागणारी प्रावीण्य चाचणी त्यामुळे तिथल्या वैमानिकाला घरून देता येते. बंगळूरकडेही अशी सोय आहे.

विमान आधी की गाव आधी

तळ आणि विमानाचा प्रकार या दोन निवडी वेगळ्या नसतात. लांब पल्ल्याची मोठी विमाने प्रामुख्याने दिल्ली-मुंबईहून चालतात. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ या गटातील विमाने मोठ्या तळांवर. एटीआरचे जाळे वेगळे, छोट्या गावांना जोडणारे. घराजवळ म्हणून एटीआर पत्करणाऱ्याला आखूड पल्ल्याची, दिवसाची उड्डाणे आणि घरची रात्र अधिक मिळू शकते. उतरण्या-चढण्याचा सराव त्यात भरपूर होतो. मात्र पुढे जेट विमानाकडे वळायचे तर नवे प्रशिक्षण, आणि कदाचित नवा करार, ओघाने आला. प्रशिक्षणासाठी घेतलेले लाखो रुपयांचे कर्ज डोक्यावर असताना हा निर्णय भावनेच्या भरात घेऊ नये. तसाच तो केवळ ‘जेट मोठे’ म्हणूनही घेऊ नये. वृद्ध आईवडील घरी एकटे असतील, तर रोज रात्री घरी परतण्याची किंमत पगाराच्या आकड्यात मांडता येत नाही.

आता कागदपत्रांविषयी. बहुतेक नव्यांना निवडीचे स्वातंत्र्य मर्यादितच असते. कंपनी पसंतीक्रम विचारते आणि गरजेनुसार तळ देते. म्हणून कोणता तळ मिळणार, याइतकेच तो बदलता केव्हा येईल, हेही महत्त्वाचे ठरते. पहिल्या तळावर किती काळ राहण्याचे बंधन आहे? बदलीची प्रतीक्षायादी रुजू झाल्याच्या तारखेवर चालते की अर्जाच्या तारखेवर? कंपनीने स्वतःहून तळ बदलला तर स्थलांतराचा खर्च कोणाचा? विमानतळापर्यंत ने-आण करणारी गाडी असेल तर ती किती किलोमीटरच्या आत मिळते? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय घर पाहायला सुरुवातच करू नये, कारण हद्दीच्या एक किलोमीटर पलीकडचे स्वस्त घर रोजच्या टॅक्सीखर्चाने महाग पडते.

‘नाही पटले तर सोडून दुसरीकडे जाईन’ हा पर्यायही वाटतो तितका सोपा नाही. डीजीसीएने २०१७ मध्ये घातलेल्या अटीनुसार सहवैमानिकाला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला वर्षभराची आगाऊ सूचना द्यावी लागते. प्रशिक्षणाच्या कराराची रक्कम त्याखेरीज. त्यामुळे न मानवणाऱ्या तळावर निदान अर्धे वर्ष काढण्याची तयारी ठेवावीच लागते.

शिवाय सिम्युलेटरचे प्रशिक्षण संपल्यावर प्रत्यक्ष प्रवासी विमानावर प्रशिक्षकासोबत उड्डाणे करण्याचा काही आठवड्यांचा वा महिन्यांचा टप्पा असतो. तो कधी कधी निराळ्याच शहरी, जिथे प्रशिक्षक उपलब्ध असतील तिथे, पार पडतो. तोवर ११ महिन्यांचा भाडेकरार आणि अनामत रक्कम यांत अडकू नये. सहकाऱ्यांसोबत खोली घ्यावी, पण प्रत्येकाला स्वतंत्र आणि दुपारीही अंधार करता येईल अशी खोली मिळेल, एवढे पाहावे. एकाची पहाटेची निघण्याची वेळ ही दुसऱ्याची झोपण्याची वेळ असते. तळाची अंतिम नेमणूक लेखी हाती आल्यावरच घराचा करार करावा, आणि मनाजोगत्या तळासाठीचा बदली अर्ज त्याच आठवड्यात देऊन त्याची पोच जपून ठेवावी.